राज्य गेले, दप्तर राहिले

अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून वाघूर नदी डोंगरातून खाली उतरते आणि फर्दापूरकडून पहूरच्या शिवारात येते. 1948 पर्यंत एवढ्याशा वाटेत ती एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जात असे. लेणी, फर्दापूर आणि सोयगाव हा भाग निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर पहूर, म्हणजे पेठ आणि कसबे ही दोन्ही गावे, मुंबई इलाख्यातल्या पूर्व खानदेशात, जामनेर तालुक्यात. अजिंठा पाहायला निघालेले लोक पाचोरा–जामनेर या छोट्या गाडीने पहूरला उतरत आणि बैलगाडीने वा मोटारीने निजामाच्या हद्दीत शिरत. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका असे आणि पलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये हा भाव सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याला तोंडपाठ असायचा. दीर्घकाळ सत्तेवर असलेला एकाधिकारी राज्यकर्ता लोकांच्या उठावानंतर गेला की पुढे काय होते, हा प्रश्न आज कैरो किंवा ढाक्याच्या संदर्भात विचारला जातो. तो तपासायला पहूर–फर्दापूर एवढा पट्टा पुरेसा आहे. इथे तेरा महिन्यांच्या अंतराने दोन राजवटी संपल्या, आणि संपल्या त्या अगदी वेगवेगळ्या रीतीने.

त्या राजवटी मुळात किती वेगळ्या होत्या, हे आधी पाहायला हवे. खानदेश 1818 साली पेशवाईच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. सरकारने जमिनीची मोजणी करून खातेदाराच्या नावावर सारा ठरवला. हे रयतेने आनंदाने स्वीकारले असे मात्र नाही. 1852 साली सावदा, फैजपूर या भागात मोजणीविरुद्ध दंगे उसळले आणि ते दडपायला फौज आणावी लागली. परक्या सरकारने जबरदस्तीने लिहिलेले दप्तर होते ते. पण शंभर वर्षांत शेतकऱ्याच्या हाती दाखवण्यासारखा कागद आला तो याच दप्तरातून. निजामाच्या राज्यातही दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनंतर दिवाणी, म्हणजे थेट सरकारी, मुलखात मोजणी झाली होती, आणि मराठवाड्याचा मोठा भाग दिवाणीत येत होता, हे मान्य करायला हवे. मात्र एकूण राज्याचा सुमारे चाळीस टक्के मुलूख जहागिरदारांचा किंवा निजामाच्या खासगी मिळकतीचा, म्हणजे सर्फ-ए-खासचा होता. तिथे वसुलीला आणि न्यायाला मालकाच्या मर्जीशिवाय दुसरा आधार नव्हता. दुसरा फरक बोलण्याच्या मोकळीकीचा. डिसेंबर 1936 मध्ये याच पूर्व खानदेशात, फैजपूरच्या शेतात, काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले आणि तिथे शेतकऱ्यांच्या मागण्यांचा जाहीर उच्चार झाला. त्याच काळात पलीकडे गश्ती (परिपत्रक) नंबर 53 नुसार साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली, आणि ती उठायला 1946 उजाडावे लागले. इंग्रजांचे राज्य न्यायाचे होते असा याचा अर्थ नाही. त्याच्याविरुद्ध संघटना बांधायला जागा होती, पलीकडे ती नव्हती, इतकेच. राजवट गेल्यावर हा फरक फार महाग पडला.

निजाम मीर उस्मान अली खान 1911 पासून गादीवर होता. 1947 च्या जूनमध्ये त्याने स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला, आणि स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्टपासून भारतात सामीलीकरणाचा लढा सुरू केला. शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीला, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीला, नकार, पाटील-पटवाऱ्यांचे राजीनामे, दप्तर जाळणे, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले ही त्याची रूपे. कार्यकर्त्यांचे कॅम्प भारतीय हद्दीत, सरहद्दीला लागून उभे राहिले. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आधीपासून चालू होता. निजामाच्या बाजूने लातूरचा वकील कासीम रझवी याचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, खेड्यापाड्यांत उतरले, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या गावांत पळून आलेल्या कुटुंबांची गर्दी झाली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. निजामाला लोकांनी नव्हे, लष्कराने घालवले. पाच दिवसांच्या कारवाईला उठावाचे फळ म्हणणे ही नंतरची भाबडी कथा आहे. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. कॅम्पमधल्या तरुणांच्या बंदुकांनी हैदराबादचे सैन्य हरले नसते. पण दिल्लीने नोव्हेंबर 1947 मध्ये निजामाशी वर्षभराचा जैसे थे करार केला होता, आणि तो मुदतीपर्यंत न चालण्याचे एक मोठे कारण म्हणजे राज्यातला रोजचा असंतोष. ज्या राज्यात पटवारी राजीनामा देतो, लेव्ही वसूल होत नाही आणि सरहद्दीवरचा नाका रात्री उभा राहील याची खात्री नसते, ते राज्य कागदावरच उरलेले असते. उठावाने प्रश्न निर्माण केला, लष्कराने तो सोडवला. या वाटणीचा परिणाम मात्र पुढे सगळीकडे दिसतो. ज्याने प्रश्न सोडवला त्याच्याच हाती दप्तर गेले, आणि ज्यांनी प्रश्न उभा केला ते कार्यकर्ते कचेरीच्या बाहेर राहिले.

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले आणि 1949 संपेपर्यंत राहिले. त्यांचा अधिकार आला कुठून? निजामाच्या फर्मानातून. ही कायदेशीर करामत मला फार बोलकी वाटते. गादी काढून घेतलेली नव्हती, तिची सही वापरायला घेतली होती. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा आला तोही याच अधिकाराने. ज्या घराण्याने 1724 पासून सरदार पोसले, त्याच घराण्याच्या नावाने सरदारांची जहागिरी खालसा झाली. 1950 च्या जूनमध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. निवडून आलेले विधिमंडळ असते तर जहागिरदारांच्या वकिलांनी या दोन्ही गोष्टी काही वर्षे तरी लांबवल्या असत्या. निवडून न आलेल्या अंमलाला उत्तर द्यायला कोणी नव्हते म्हणून जहागिरी अकरा महिन्यांत गेल्या आणि कुळांचा कायदाही दोन वर्षांच्या आत आला. लोकशाहीवर श्रद्धा असलेल्याला हे गिळायला जड जाते, पण पुरावा तसाच आहे.

निजामाला मात्र 26 जानेवारी 1950 पासून राजप्रमुख केले गेले. पन्नास लाखांचा तनखा ठरला, सर्फ-ए-खासच्या बदल्यात वेगळी रक्कम मिळाली, आणि 1956 पर्यंत तो त्या पदावर होता. ज्यांची माणसे मारली गेली त्यांना हा अपमान वाटला, आणि तो वाटणे रास्त होते. तरीही माझ्या मते या सवलतीने फारसे बिघडले नाही. तनख्याच्या बदल्यात कारभार गेला, सैन्य गेले, खासगी मुलूख गेला. गादीवरच्या माणसाला शिक्षा झाली की नाही, याने खेड्यातल्या कुळाचे काही ठरत नव्हते. बिघडले ते दुसरीकडे, आणि त्याची चर्चा फार उशिरा झाली.

रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड त्यांच्यावर कमी आणि साध्या मुसलमान शेतकऱ्या-विणकऱ्यांवर जास्त उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. रझाकारांच्या अत्याचारांचे काय, असा प्रतिप्रश्न नेहमी होतो. त्या अत्याचारांचा इतिहास मराठवाड्यात गावोगाव सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण एक झाकण्यासाठी दुसरे पुढे करणे हे उत्तर नव्हे. प्रश्न कारभाराचा आहे. जुने पोलीस पळाले किंवा निकामी झाले, नवे आले नाहीत, आणि मधल्या आठवड्यांत ज्याच्या हाती काठी तोच न्यायाधीश झाला. ज्या राज्यात आठ वर्षे स्टेट काँग्रेसवर बंदी होती आणि साध्या सभेलाही परवानगी लागे, तिथे गावागावांत जमावाला अडवू शकेल अशी लोकांची बांधलेली संघटना तरी कुठून असणार? स्टेट काँग्रेसच्या काही कार्यकर्त्यांनी तसा प्रयत्न केला, पण बहुतेक जण तुरुंगातून किंवा कॅम्पमधून नुकतेच परतत होते.

दुसरी पोकळी कचेऱ्यांत होती. राज्याचा उच्च कारभार उर्दूत चाले. शरणागतीनंतर अनेक अधिकारी गेले किंवा काढले गेले, आणि त्यांच्या जागी मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून माणसे आणली गेली. उर्दूत शिकलेला स्थानिक कारकून, मुसलमान असो की हिंदू, एका रात्रीत अर्धशिक्षित ठरला. याच काळात उस्मानिया विद्यापीठातही उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. मार्च 1952 मध्ये बी. रामकृष्णराव यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ आले आणि सहा महिन्यांतच मुल्की, म्हणजे स्थानिकांचे, आंदोलन पेटले. बाहेरच्यांना नोकऱ्या आणि आम्हाला काय, ही त्याची मागणी. हैदराबादमध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि त्या तक्रारीचा धागा पुढे वेगळ्या तेलंगणाच्या मागणीपर्यंत गेला. राज्यकर्ता गेल्यावर जुन्या यंत्रणेचे काय होते, हे इतरत्रही पाहता येते. इजिप्तमध्ये फेब्रुवारी 2011 मध्ये होस्नी मुबारक गेला, पण सैन्य आणि पोलीस खाते जसेच्या तसे राहिले आणि अडीच वर्षांत तेच पुन्हा मालक झाले. इंडोनेशियात मे 1998 मध्ये सुहार्तो गेल्यावर सैन्याच्या संसदेतल्या राखीव जागा काढायला 2004 पर्यंत वेळ लागला, पण त्या काढल्या गेल्या. हैदराबादचा अनुभव दोन्हींहून निराळा. इथे जुनी यंत्रणा परत आली नाही, कारण तिच्या जागी बाहेरून तयार यंत्रणा आणून बसवली गेली. याने पुनरागमनाचा धोका टळला आणि परकेपणाचा नवा राग जन्माला आला.

आता पहूरच्या बाजूला येऊ. 15 ऑगस्ट 1947 ला जळगावच्या कलेक्टर कचेरीवर झेंडा बदलला आणि दुसऱ्या दिवशी तेच मामलेदार, तेच फौजदार, तेच दप्तर कामाला लागले. याला सुरळीत सत्तांतर म्हणतात, आणि रक्तपाताच्या तुलनेत ते खरोखर भाग्याचे होते. पण त्याची किंमतही मोजावी लागली. कुलकर्ण्यांचे वतन जायला 1951 उजाडले, महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद जायला 1963. म्हणजे निजामाच्या मुलखात जहागिरदार अकरा महिन्यांत गेला आणि स्वतंत्र खानदेशात गावचा पाटील पंधरा वर्षांहून अधिक टिकला. उठाव नको, सावकाश सुधारणा बरी, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. माझा कल तरीही खानदेशच्या बाजूला झुकतो. त्याचे कारण कारभाऱ्यांचा शहाणपणा नव्हे. इथे वादाला कचेरी होती, कागद होता आणि भांडायला सवयीची वाट होती. पलीकडे हे तिन्ही एकदम बांधायचे होते.

1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पहूर-फर्दापूरमधली राज्याची हद्द मिटली. कायद्याची हद्द मिटली नाही. जामनेर तालुक्यात कुळाचा दावा 1948 च्या मुंबई कायद्याने चालतो, तर सोयगाव तालुक्यात 1950 च्या हैदराबाद कायद्याने. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील अजूनही 1954-55 चे खासरा पत्रक शोधतो. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून तर हे दप्तर थेट राजकारणाच्या मध्यभागी आले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली ती मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींत कुणबी उल्लेख शोधण्यासाठी. शोध हैदराबादपर्यंत गेला, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला गेला. खानदेशातल्या अनेक कुटुंबांना कुणबी दाखल्यासाठी असा खटाटोप करावा लागला नव्हता, कारण त्यांच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या गावदप्तरांत आणि शाळांच्या रजिस्टरांत मिळत होत्या. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला मात्र ज्याची राजवट त्याच्या आजोबांनी उलथवायला मदत केली, त्याच निजामाच्या कारकुनाने आपल्या घराण्याबद्दल काय लिहून ठेवले आहे, हे पाहण्यासाठी तहसील कचेरीत रांग लावावी लागते आहे.