अंतराळजन्य साथरोग

अंतराळजन्य साथरोग म्हणजे पृथ्वीबाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांमुळे मानवजातीत पसरणारा काल्पनिक साथीचा रोग. ही कल्पना विज्ञानकथांतून रूढ झाली. पुढे काही शास्त्रज्ञांनी ती गृहीतक म्हणून मांडली. पुणे येथील खगोलशास्त्रज्ञ व मराठी विज्ञानकथाकार जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली झालेला बलून प्रयोग हा या गृहीतकाशी निगडित असा भारतातील महत्त्वाचा प्रयोग होय. असा रोग अस्तित्वात असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

साहित्यातील कल्पना

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत पृथ्वीवर आक्रमण करणारे मंगळवासी येथील जिवाणूंमुळे मरतात. मायकेल क्रायटन यांच्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ (१९६९) मध्ये याच्या उलट, उपग्रहाबरोबर आलेला परकीय सूक्ष्मजीव माणसांचा बळी घेतो. अंतराळप्रवास करणारी मानवी संस्कृती अनोळखी रोगापुढे हतबल होते, हे सूत्र त्यानंतर अनेक कथा व चित्रपटांत आले.

हॉइल–विक्रमसिंघे गृहीतक

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे यांनी ‘डिसीझेस फ्रॉम स्पेस’ (१९७९) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, धूमकेतूंच्या धुळीतून विषाणू व जिवाणू पृथ्वीवर येतात आणि त्यांतून साथी उद्भवतात. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ बॉस्टन व मुंबई या दूरच्या शहरांत एकाच दिवशी आढळली, परंतु जवळच्या अंतरावर पसरण्यास तिला कित्येक आठवडे लागले, असा दाखला ते देत.

मुंबईतील नोंदी मात्र वेगळे चित्र दाखवतात. १० जून १९१८ रोजी गोदीत नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पुढे रोग बंदरातून शहरात आणि रेल्वेमार्गांनी देशाच्या अंतर्भागात पोहोचला. हा प्रसार माणसांच्या प्रवासाशी जुळणारा आहे. याशिवाय विषाणूला वाढण्यासाठी विशिष्ट यजमान पेशी लागतात. ज्या विषाणूचा पृथ्वीवरील जीवांशी कधीच संबंध आला नाही, तो मानवी पेशींत सहज वाढेल हे संभवनीय वाटत नाही. या कारणांमुळे वैद्यकशास्त्राने हे गृहीतक स्वीकारले नाही.

भारतीय बलून प्रयोग

नारळीकर हे केंब्रिज येथे हॉइल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी होते. आपल्या गुरूच्या कल्पनेचा वाद केवळ चर्चेवर न सोडता त्याची प्रत्यक्ष तपासणी व्हावी, या हेतूने इस्रोच्या साहाय्याने प्रयोग आखण्यात आला. पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी आणि दुसरे २० एप्रिल २००५ रोजी हैदराबाद येथून झाले. दुसऱ्या उड्डाणात निर्जंतुक व निर्वात केलेली पोलादी नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवून पाठवण्यात आली. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने त्यांत गोळा झाले व ती हवाई छत्रीने खाली उतरवण्यात आली. पृष्ठभागावरील जंतू एवढ्या उंचीवर सहसा पोहोचत नाहीत, म्हणून ही उंची निवडली होती.

नमुन्यांची तपासणी हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) आणि पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस) या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. त्यांत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. बहुतेक जिवाणू ज्ञात प्रजातींशी मिळतेजुळते होते, तर तीन प्रजाती नव्या ठरल्या. मार्च २००९ मध्ये इस्रोने त्या जाहीर केल्या:

• जॅनिबॅक्टर हॉयलेई – फ्रेड हॉइल यांच्या स्मरणार्थ
• बॅसिलस इस्रोनेन्सिस – इस्रोवरून
• बॅसिलस आर्यभट्टाय – आर्यभट यांच्यावरून

या तिन्ही प्रजाती जवळच्या पार्थिव प्रजातींपेक्षा अतिनील किरणांना अधिक टिकाव धरणाऱ्या आहेत. तथापि त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे या प्रयोगातून सिद्ध होत नाही, असे इस्रोने त्याच वेळी स्पष्ट केले. पुढे बॅसिलस आर्यभट्टायचे जिवाणू मातीत व वनस्पतींच्या मुळांभोवतीही सापडले. त्यामुळे त्यांच्या पार्थिव उगमाची शक्यता बळावली. या प्रजातींमुळे कोणताही साथरोग पसरल्याची नोंद नाही.

प्रतिबंधक उपाय

पुरावा नसला तरी सावधगिरी बाळगली जाते. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या अंतराळवीरांना २१ दिवसांच्या विलगीकरणात राहावे लागले. चंद्रावर जीवसृष्टी नसल्याची खात्री पटल्यावर अपोलो १४नंतर ही पद्धत बंद झाली. १९६७च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमानुसार, पृथ्वीबाहेरील पदार्थांमुळे येथील पर्यावरणावर अनिष्ट परिणाम होऊ नये आणि इतर खगोलीय पिंडही दूषित होऊ नयेत, याची दक्षता सदस्य देशांनी घ्यावयाची असते. मंगळावरील नमुने पृथ्वीवर आणण्याच्या योजनांत हाच प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

हेही पहा

• जयंत नारळीकर
• फ्रेड हॉइल
• आयुका
• १९१८ची इन्फ्लुएन्झा साथ