आर्मेनियन लोकगीते व आधुनिक तंतुवाद्यरचना
विसाव्या शतकात आर्मेनियन लोकगीतांवर आधारलेल्या ज्या वाद्यरचना झाल्या, त्यांपैकी बऱ्याच रचनांचे मूळ कोमितास (१८६९–१९३५) या धर्मोपदेशक-संगीतकाराच्या स्वरलेखनात सापडते. त्याचे मूळ नाव सोगोमोन सोगोमोन्यान. ऑटोमन साम्राज्यातील कुताह्या येथे जन्मलेल्या या पोरक्या मुलास १८८१ मध्ये एचमियाद्झिनच्या धर्मविद्यालयात आणले गेले, तेव्हा त्यास आर्मेनियन भाषा बोलता येत नव्हती. स्तोत्रे मात्र तो उत्तम गात असे. बर्लिन येथे १८९६–९९ या काळात त्याने संगीताचे शिक्षण घेतले.

खेडोपाडी हिंडून त्याने शेतकऱ्यांची गीते टिपली. लोरी प्रदेशातील नांगरणीगीताचे टिपण करताना बैलांना घातलेल्या हाकाही त्याने गीताचाच भाग मानल्या. आर्मेनियन चाली सप्तकावर नव्हे, तर एकमेकांत गुंफलेल्या चतुःस्वरकांवर उभ्या असतात, हे त्याने दाखवून दिले. म्हणूनच पाश्चात्त्य स्वरसंहतीचा भार त्याने चालींवर लादला नाही. स्थिर आधारस्वर व विरळ साथ एवढ्यावरच त्याचा भर राहिला. हा संयम हेच त्याचे खरे कर्तृत्व होय. पियानोकरिता रचलेल्या नृत्यांतही त्याने तार, डफ इ. लोकवाद्यांच्या ढंगाची सूचना दिली आहे.

कॉन्स्टँटिनोपल येथे २४ एप्रिल १९१५ रोजी त्यास अटक होऊन हद्दपार करण्यात आले. पुढे त्याची सुटका झाली. परंतु त्याचे मन कायमचे विकल झाले व पॅरिसजवळील मनोरुग्णालयात त्याचे निधन झाले. सुमारे ३,००० गीतांच्या त्याच्या संग्रहापैकी जेमतेम १,२०० आज उपलब्ध असल्याचे मानतात. ज्यांच्याकडून ती मिळाली त्यांपैकी अनेक गावांतील आर्मेनियन वस्तीच नष्ट झाल्याने उरलेली टिपणे मौलिक ठरली.

त्यांतूनच सेर्गेई अस्लामाझ्यान याने तंतुवाद्यचतुष्कासाठी रूपांतरे केली. अमेरिकेतील ॲलन हॉव्हानेस (१९११–२०००) याने १९४४ च्या ‘लुसाद्झाक’ या रचनेत पियानोवर तार, कानून व ऊद यांच्या छेडण्याचा आभास निर्माण केला. प्रबोधनकालीन ल्यूट हे वाद्य तर ऊदचेच युरोपीय वंशज आहे. आर्नल्ड डॉलमेच व पुढे ज्यूल्यन ब्रीम यांच्या प्रयत्नांनी त्याचे पुनरुज्जीवन झाल्यावर त्यासाठी नव्या रचनांना वाव मिळाला. त्याच्या दांडीवरील आतड्याचे पडदे बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात व चालीतील स्वरांतरे काही अंशी जुळवून घेता येतात. अडचण आहे ती आधारस्वराची. दुदुक या जर्दाळूच्या लाकडाच्या वाद्याच्या साथीस दुसरा वादक ‘दाम’ हा स्वर अखंड धरून ठेवतो. ल्यूटचा नाद मात्र क्षणात विरतो. त्यामुळे रचनाकारास खर्जाची मोकळी तार पुनःपुन्हा छेडावी लागते, आणि मूळचा अखंड स्वर तेथे ठेक्याचे रूप घेतो.