क्राको नगरीतील एक छोटी नाटकमंडळी



नाटकमंडळी म्हटली की पडदे, पोशाख आणि दिव्यांचा झगमगाट डोळ्यांपुढे उभा राहतो. पोलंडमधील क्राको नगरीत म्येचिस्वाव कोत्लार्चिक ह्यांनी १९४१ च्या ऑगस्ट महिन्यात स्थापिलेल्या रॅप्सोडिक मंडळीपाशी ह्यांपैकी काहीच नव्हते. जर्मन अंमलाखाली पोलिश रंगभूमीस बंदी होती व गुप्त खेळ उघडकीस आल्यास जिवावर बेतणारे होते. तथापि मूठभर नट खासगी घरांत जमत आणि निवडक श्रोत्यांपुढे केवळ वाणीच्या बळावर स्वराष्ट्राचे काव्य जागवीत. पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १९४१ रोजी, सकल संतांच्या सणी झाला. त्या नटांत मजुरी करून पोट भरणारा २१ वर्षांचा कारोल वॉयतिला होता. पुढील वर्षी तो गुप्त सेमिनरीत दाखल झाला आणि पहिल्या प्रयोगास बरोबर ५ वर्षे झाली त्याच सणी, १९४६ मध्ये, त्यास गुरुदीक्षा मिळाली. तेच पुढे संतपदास पोहोचलेले पोप जॉन पॉल दुसरे होत.

१९४५ नंतर मंडळीचे खेळ उघडपणे होऊ लागले व तिचा विस्तार झाला. कम्युनिस्ट राजवटीने १९५३ मध्ये ती बंद पाडली. १९५७ मध्ये ती पुनश्च उभी राहिली व १९६७ मध्ये कायमची मिटली. परंतु शब्दावरील जी निष्ठा तेथे जोपासली गेली, ती एका धर्मगुरूच्या मुखाने जगभर पोहोचली.

आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी सणासुदीस खेळ करताना सामग्रीच्या उणिवेने खचू नये. पाठ चोख असावा, उच्चार स्पष्ट असावा व बोललेला शब्द आचरणात उतरावा, हीच ह्या ज्युबिलीनिमित्त प्रभुचरणी प्रार्थना.