केंब्रिजची इंग्रजी प्रावीण्य परीक्षा आणि प्रौढांची पूर्वतयारी : एक ऐतिहासिक आढावा

प्रौढ विद्यार्थ्याच्या पूर्वतयारीची दिशा बहुतांशी परीक्षेच्या स्वरूपावरून ठरते. प्रस्तुत लेखात केंब्रिज विद्यापीठाच्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेच्या आधारे या संबंधाचा मागोवा घेतला आहे.

ही परीक्षा प्रथम १९१३ मध्ये घेण्यात आली. परदेशात इंग्रजीचे अध्यापन करू इच्छिणाऱ्यांसाठी ती होती. सुमारे १२ तासांच्या या परीक्षेत फ्रेंच अथवा जर्मन भाषेशी निगडित भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी साहित्य व ध्वनिशास्त्र यांचा समावेश होता. प्रकट वाचन व संभाषण यांसाठी मिळून केवळ अर्धा तास होता. साहजिकच उमेदवाराची तयारी ग्रंथाभ्यासावर केंद्रित होणे अपरिहार्य होते. पहिल्या वर्षी ३ उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही.

१९२० च्या दशकाअखेरीस उमेदवारांअभावी परीक्षेचे अस्तित्वच धोक्यात आले. १९३२ मध्ये ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका वगळण्यात आली. पुढे १९७५ च्या पुनर्रचनेत वाचन, लेखन, भाषेचा वापर, श्रवण आणि मुलाखत असे ५ घटक निश्चित झाले. परिणामी भाषेविषयीच्या ज्ञानाकडून प्रत्यक्ष भाषाव्यवहाराकडे तयारीचा भर वळला.

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, प्रौढाचे अपयश हे अनेकदा त्याच्या भाषेइतकेच परीक्षेच्या मोजमापाचेही अपयश असते. प्रौढांना इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी अभ्यासक्रम आखण्यापूर्वी प्रश्नपत्रिका नेमके काय मोजते, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.