गिरणीची जमीन: वाटणी नेमकी कशाची?
१९८२च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या बंद पडल्या, जमीन मात्र उरली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१मध्ये राज्य शासनाने नियम बदलला. वाटणी आता केवळ मोकळ्या जमिनीची. इमारती पाडून रिकामी होणारी जागा मालकाचीच. साचेखाते, गोदामे, चिमणी यांनी व्यापलेल्या आवारात मोकळे असे असते तरी किती? उच्च न्यायालयाने २००५मध्ये ती पाडलेली जागाही वाटणीत धरली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. महापालिकेच्या हाती आले ते तुकडेच.