मंकीगेट प्रकरण

मंकीगेट प्रकरण हा भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत उद्भवलेला वाद होय. भारतीय फिरकी गोलंदाज हरभजन सिंग यांनी अष्टपैलू खेळाडू अँड्र्यू सायमंड्स यांना उद्देशून ‘माकड’ या अर्थाचा इंग्रजी शब्द उच्चारला, असा आरोप झाला.

पार्श्वभूमी

कृष्णवर्णीयांना माकड म्हणून हिणवणे हा वंशभेदी अपमान मानला जातो. सायमंड्स यांना आफ्रो-कॅरिबियन वारसा लाभला होता. ऑक्टोबर २००७ मधील भारत दौऱ्यात वडोदरा येथे आणि मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी त्यांना उद्देशून माकडाचे आवाज व हावभाव केले होते. वानखेडेवरील अशा प्रेक्षकांवर पोलिसांनी कारवाई केली.

घटना

४ जानेवारी रोजी, सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, हरभजन व सचिन तेंडुलकर फलंदाजी करीत होते. हरभजन यांनी ब्रेट ली यांना बॅटने हलकेच स्पर्श केल्यावर सायमंड्स मध्ये पडले व वाद झाला. भारताने हा सामना १२२ धावांनी गमावला. पंचांचे अनेक निर्णयही वादग्रस्त ठरले होते. एकाच संघाने खिलाडूवृत्तीने खेळ केला, अशा आशयाची टीका पराभवानंतर भारतीय कर्णधार अनिल कुंबळे यांनी केली.

सुनावणी

सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजन यांच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. या निर्णयावरील अपिलाची सुनावणी २९ जानेवारी रोजी ॲडलेड येथे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर झाली. हरभजन यांची बाजू नागपूरचे विधिज्ञ व्ही. आर. मनोहर यांनी मांडली. तेंडुलकर यांची साक्ष महत्त्वाची ठरली. उच्चारलेले शब्द हिंदी शिवीचे असून ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला असावा, असा बचाव करण्यात आला. वंशभेदाचा आरोप सिद्ध झाला नाही. मात्र अपमानास्पद भाषेबद्दल हरभजन दोषी ठरले व त्यांना सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड झाला. त्यांच्या पूर्वीच्या शिस्तभंगांची पूर्ण माहिती न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती, हे नंतर उघड झाले.

दरम्यान, ऑस्ट्रेलियाचे ब्रॅड हॉग यांच्यावरही कुंबळे व महेंद्रसिंह धोनी यांना शिवीगाळ केल्याचा आरोप होता. भारतीय संघाने ती तक्रार मागे घेतली.

पडसाद

ॲडम गिलख्रिस्ट यांनी आत्मचरित्रात तेंडुलकर यांच्या साक्षीविषयी प्रश्न उपस्थित केले. या निकालानंतर आपले मद्यपान वाढल्याचे सायमंड्स यांनी पुढे सांगितले. २०११ मध्ये हरभजन व सायमंड्स मुंबई इंडियन्स संघातून एकत्र खेळले. त्या काळात हरभजन यांनी रडत आपली माफी मागितली, असे सायमंड्स यांनी २०१८ मध्ये सांगितले. हरभजन यांनी ते नाकारले. सायमंड्स यांचे १४ मे २०२२ रोजी मोटार अपघातात निधन झाले. मैदानावरील शब्दाची जबाबदारी कशी ठरवावी, त्यात उच्चारणाऱ्याचा हेतू पाहावा की ऐकणाऱ्याला झालेली इजा, या प्रश्नाच्या चर्चेत या प्रकरणाचा उल्लेख आजही होतो.