लष्करी वाहनांचे पुनरुज्जीवन

लष्करी वाहनांचे पुनरुज्जीवन म्हणजे सैन्यदलाने सेवेतून काढलेली जुनी मालमोटार, जीप किंवा तत्सम वाहन दुरुस्त करून पुन्हा चालते करणे. हे काम दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत मूळ इंजिन राखून वाहन पूर्वस्थितीत आणले जाते. दुसऱ्या रीतीत मूळ इंजिनाच्या जागी दुसरे, बहुधा डिझेल इंजिन बसवले जाते; यास इंजिन-परिवर्तन म्हणतात. भारतात ही निवड केवळ तांत्रिक नाही. वाहनाची नोंदणी व त्याचा पुरातन वाहन हा दर्जा तिच्यावर अवलंबून असतो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धात वापरल्या गेलेल्या विलीस एमबी या अमेरिकन जीपमध्ये सुमारे २.२ लिटर क्षमतेचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. युद्धानंतर सैन्याने विकलेल्या अनेक जीपा नागरी वापरात आल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) या कंपनीने पुढे मुंबईत माझगाव येथे विलीस जीपची जुळणी सुरू केली.

स्वातंत्र्योत्तर काळात लष्करासाठी जबलपूर येथे परदेशी परवान्यांनुसार वाहने तयार होऊ लागली. जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरील शक्तिमान मालमोटार, तसेच जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्यांवरील वन-टन मालमोटार व जोंगा ही त्यांतील प्रमुख होत. कालांतराने ही वाहने सेवेतून निघाली आणि लिलावांद्वारे खासगी मालकांकडे गेली.

इंजिन बदलण्याची कारणे

जोंगामध्ये सुमारे चार लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. लष्करी कामास आवश्यक असलेली त्याची ताकद खासगी मालकास इंधनखर्चामुळे महाग पडते. उत्पादन थांबल्यावर मूळ सुटे भागही दुर्मीळ होतात. याउलट महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार केलेल्या डिझेल इंजिनांसारखी इंजिने देशात विपुल असून त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजमध्येही होऊ शकते.

तांत्रिक बाबी

नवे इंजिन मूळ गिअरबॉक्सला जसेच्या तसे क्वचितच जुळते. दोहोंमध्ये जोडपट्टी बसवावी लागते किंवा इंजिनासोबत त्याचा गिअरबॉक्सही घ्यावा लागतो. दुसऱ्या पर्यायात पुढील चाकांना गती देणाऱ्या ट्रान्सफर केसची जागा सरकते व प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते. इंजिन व गिअरबॉक्स यांचे दंड एका रेषेत नसल्यास क्लच आणि बेअरिंग लवकर झिजतात.

डिझेल इंजिन सामान्यतः अधिक जड असल्याने पुढील पाट्यांवर भार वाढतो. खड्ड्यात पुढचा आस वर उचलला जातो, तेव्हा तो इंजिनाच्या तेलपात्रावर आदळणार नाही इतके अंतर ठेवणे आवश्यक असते. ब्रेकच्या साहाय्यक यंत्रणेस निर्वात लागत असेल, तर स्वतंत्र निर्वात पंप बसवावा लागतो, कारण डिझेल इंजिनाच्या हवामार्गात पेट्रोल इंजिनाप्रमाणे पुरेसा निर्वात निर्माण होत नाही. विद्युतदाबही जुळवावा लागतो : युद्धकालीन जीपची मूळ यंत्रणा ६ व्होल्टची, अनेक लष्करी वाहनांची २४ व्होल्टची, तर सामान्य मोटारींची १२ व्होल्टची असते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी केलेल्या बदलास विहित अटी लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात कलम ५२ चा हा निर्बंध अधोरेखित केला. त्यामुळे परवानगीविना इंजिन बदललेले वाहन यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत असले तरी त्याची नोंदणी अडचणीत येऊ शकते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. असे वाहन नियमित प्रवासासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पुरातन वाहनांची फेरी, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते.

परिणामी मूळ इंजिन राखलेल्या वाहनास वारसा म्हणून मान्यता मिळू शकते, परंतु त्याचा रोजचा वापर थांबतो. इंजिन बदललेले वाहन रोजच्या वापरास किफायतशीर ठरले, तरी त्याला हा दर्जा मिळत नाही.

रंगाबाबतही निर्बंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण विभागाव्यतिरिक्त कोणाच्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. त्यामुळे खासगी मालकीचे वाहन अन्य बाबतींत पूर्वस्थितीत आणले, तरी त्याला हा लष्करी रंग देता येत नाही.

संग्रहालयीन जतन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विविध देशांचे रणगाडे व चिलखती वाहने जतन केली आहेत. संग्रहालयीन वाहन रोज चालवण्याची गरज नसल्याने तेथे इंधनखर्चासाठी इंजिन बदलण्याचा प्रश्न येत नाही व मूळ रचना अभ्यासकांस पाहावयास मिळू शकते. खासगी मालकांनी इंजिन बदलताना काढलेले मूळ इंजिन भंगारात न देता जपून ठेवल्यास आणि सांगाडा न कापता नवे इंजिन बसवल्यास वाहन पुढे मूळ यांत्रिक स्थितीत आणण्याची शक्यता कायम राहते.

हे सुद्धा पहा

जीप
जोंगा
शक्तिमान (मालमोटार)
महिंद्र अँड महिंद्र